यादी वेगळी, नोंद वेगळी: टू-डू ॲप आणि नोट्सचं ॲप

दिवाळी जवळ आली की ‘चकली’ हा शब्द माझ्या फोनमध्ये दोन ठिकाणी असतो. एका ठिकाणी लिहिलेलं असतं: ‘भाजणी दळायला देणे, गुरुवार सकाळ. डाळीवर दळायला सांगणे.’ दुसऱ्या ठिकाणी: ‘तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, धने-जिरे. गेल्या वर्षी मोहन कमी पडलं, चकल्या कडक झाल्या.’ पहिली ओळ गुरुवारी दुपारी माझ्या काहीच कामाची नसते. दुसरी पुढची वीस वर्षं लागणार असते.

टू-डू ॲप आणि नोट्सचं ॲप यांत एवढाच फरक आहे, पण तो पक्का लक्षात ठेवावा असा आहे. कामाची ओळ आपण पुसण्यासाठी लिहितो आणि नोंद पुन्हा सापडावी म्हणून. पूर्वीच्या बायका आठवणीसाठी पदराला गाठ मारायच्या, काम झालं की सोडायच्या. लोणच्याचं प्रमाण मात्र वहीत असायचं. प्रमाणासाठी कुणी गाठ मारली नाही.

मग गल्लत होते कुठे? माझ्या मते त्या छोट्या चौकोनात. गूगल कीप हे नोट्सचं ॲप २०१३ साली आलं. त्यात नोंदीच्या ओळींपुढे टिक करायचे चौकोन लावता येतात, त्यामुळे ते टू-डू ॲपसारखं दिसतं. पण चौकोन आला म्हणून यादी कामाची होत नाही. कामाच्या ॲपमध्ये प्रत्येक ओळीला स्वतःची तारीख असते, ती पुन्हापुन्हा येऊ शकते आणि सकाळी ‘आज काय’ विचारलं की तेवढंच समोर येतं. कीपमध्ये रिमाइंडर लागतो तो अख्ख्या नोंदीला. त्यात दहा ओळी असतील तर शुक्रवारची कुठली आणि पुढच्या महिन्याची कुठली, हे तुम्हीच आठवायचं. गूगलने आता कीपमधली रिमाइंडर गूगल टास्क्स या आपल्या टू-डू ॲपकडे सोपवली आहेत, तेही याच दृष्टीने मला योग्य वाटतं.

मी स्वतः या गल्लतीत गाडीचा विमा चुकवला आहे. पॉलिसीचा नंबर, एजंटचा फोन, नूतनीकरणाची तारीख, सगळं एका नोंदीत व्यवस्थित लिहिलं होतं. वर दोन महिन्यांच्या पाककृती आणि प्रवासाचे बेत साचले आणि नोंद खाली गेली. माहिती होती, तारीखही होती, पण वेळेवर मला हाक मारणारं काही नव्हतं. त्यानंतर नंबर नोटमध्येच ठेवला आणि ‘विमा भरणे’ ही एक ओळ टू-डूमध्ये टाकली, मुदतीच्या दहा दिवस आधीची.

नुसतं लिहून ठेवण्यापेक्षा कधी करायचं ते ठरवण्याला का महत्त्व आहे, याचा अभ्यासही झालेला आहे. मासिकाम्पो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की अपुरं काम दुसरं काही करतानाही मनात लुडबुड करतं. पण ते कसं आणि कधी करायचं याचा नेमका बेत ठरला की ही लुडबुड कमी होते, काम अजून झालेलं नसलं तरी. म्हणून टू-डूमध्ये ‘बाबांची शुगर’ असं लिहू नये. ‘शनिवारी सकाळी बाबांना उपाशीपोटी लॅबमध्ये नेणे’ असं लिहावं. आधीचे सगळे रिपोर्टचे आकडे मात्र नोटमध्ये, तारखेप्रमाणे, एकाखाली एक. डॉक्टर विचारतात तेव्हा तेच उपयोगी पडतात.

पुन्हापुन्हा येणाऱ्या कामांत टू-डू ॲपची खरी किंमत कळते. टुडूइस्टमध्ये एक बारकावा आहे तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. ‘एव्हरी’ लिहिलं तर पुढची तारीख कॅलेंडरप्रमाणे येते. एव्हरीपुढे उद्गारचिन्ह दिलं तर काम ज्या दिवशी पूर्ण केलं त्या दिवसापासून मोजली जाते. सोसायटीच्या मेंटेनन्सला पहिला प्रकार. पाण्याच्या फिल्टरची कॅन्डल सहा महिन्यांनी बदलायची आणि तुम्ही ती महिनाभर उशिरा बदललीत, तर पुढचे सहा महिने त्या उशिराच्या दिवसापासून धरले पाहिजेत. तिथे दुसरा. एक अडचण आहे: ‘परवा’ लिहून टुडूइस्टला कळत नाही, तारीख इंग्रजीत द्यावी लागते. मायक्रोसॉफ्ट टू डूमधला ‘माय डे’ रोज रात्री रिकामा होतो, हेही मला फार आवडतं. कालचं उरलेलं आज आपोआप डोक्यावर बसत नाही, आज काय करायचं ते पुन्हा निवडावं लागतं.

दोन्हींच्या मधलंही काही असतं. महिन्याच्या किराण्याची यादी बघा. टिक करतो म्हणून ती कामाची यादी वाटते, पण साखर, तूरडाळ, शेंगदाणे, पोहे दर महिन्याला तेच. अशी यादी ही खरं तर नोंद आहे, आणि ती कीपसारख्या ठिकाणीच शोभते. घरातल्यांशी शेअर करावी, दुकानात टिक करावं, पुढच्या महिन्यात सगळ्या खुणा एकदम काढाव्यात. टू-डूमध्ये फक्त ‘किराणा आणणे, रविवार’.

ॲप निवडतानाही दोन्हींना एकच माप लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. टू-डू ॲप खुशाल बदला. वंडरलिस्ट २०२० च्या मे महिन्यात बंद झालं, लोक चालू कामं घेऊन दुसरीकडे गेले, कारण संपलेल्या कामांची कुणाला गरज नसते. नोट्सचं तसं नाही, तिथे तुमची वर्षं साठलेली असतात. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना ५० नोंदींची मर्यादा घातली, तेव्हा हजारभर नोंदी असलेल्याला नवी एकही लिहिता येईना. म्हणून नोट्सचं ॲप घेताना आधी बघायचं की सगळं बाहेर काढता येतं का, आणि कशा स्वरूपात. ऑब्सिडियन नोंदी तुमच्याच फोनवर किंवा संगणकावर साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतं. ते ॲप उद्या गेलं तरी फायली उघडतात. नोशनमध्ये दोन्ही कामं होतात, पण त्यात रचना करण्यातच शनिवार-रविवार जातो. ज्याला ती आवड आहे त्याने जरूर घ्यावं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. आपण एक नोंद देवनागरीत लिहितो, दुसरी घाईत रोमन अक्षरांत. मग देवनागरीत ‘भाजणी’ शोधलं की रोमनमधली नोंद येत नाही, आणि आपल्याला वाटतं आपण लिहिलंच नव्हतं. टू-डूमध्ये हे चालून जातं, ओळ चार दिवसांत पुसायचीच असते. नोट्समध्ये लिपी एकच ठेवा, निदान शीर्षकाची तरी.

माझ्या गुरुवारच्या कामाखाली आता चकलीच्या नोंदीची लिंक असते. गिरणीत उभं राहून ती उघडली की प्रमाण समोर येतं. दळण घेऊन घरी आलं की काम टिक होऊन जातं, आणि चकल्या तळून झाल्या की नोंदीत यंदाची एक ओळ वाढते: वाटीला एक मोठा चमचा मोहन, नीट जमल्या.