उघडण्यापेक्षा मिटणे अवघड

जून लागला की मुंबईच्या ससून डॉकमध्ये ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. लहान होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि मोठ्या नौकांवर डागडुजी सुरू होते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरतात ती पसरलेली जाळी आणि रंगाचे डबे. त्याच वेळी एखाद्या नौकेच्या केबिनमागे, वरून पाऊस गळू नये म्हणून बांधलेल्या निळ्या ताडपत्रीखाली, इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, फळीवर पालथे पडलेले असते आणि त्यातून काढलेले व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, कोणता कोठला हे चुकू नये म्हणून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यात क्रमाने खोचलेले असतात. वर्षभराच्या मासळीचे भवितव्य त्या पुठ्ठ्यावर बरेच अवलंबून असते, असे माझे मत आहे.

या कामाला विरोधही ठरलेला असतो. "चालतंय ना इंजिन? मग उघडायचं कशाला?" हा प्रश्न मी धक्क्यावर जितक्यांदा ऐकला, तितक्यांदा जहाजावरही ऐकला. प्रश्न वेडगळ नाही, कारण उगाच उघडलेल्या इंजिनात नवे दोष शिरतात हेही खरे आहे. मात्र व्हॉल्व्ह आणि डिझेल फवारणारा इंजेक्टर हे दोन भाग इतके सावकाश बिघडतात की बिघाड रोजच्या सवयीचा होऊन जातो. तो कानाला जाणवेपर्यंत नुकसान झालेले असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शापर्यंत दाबतो आणि त्या दाबानेच ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते. तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले आणि १९१२ मध्ये 'सेलांडिया' या डॅनिश जहाजाने महासागरी प्रवासात ते रूढ होण्याची वाट मोकळी केली. तेव्हापासून रचना पुष्कळ बदलली, तरी एक अट बदललेली नाही. हवा दाबली जात असताना सिलिंडर पूर्ण बंद असला पाहिजे आणि डिझेल नेमक्या क्षणी सुरू होऊन नेमक्या क्षणी थांबले पाहिजे. म्हणजे व्हॉल्व्ह असो वा इंजेक्टर, दोघांच्याही कामाचा अवघड भाग मिटण्याचा आहे.

हे मिटणे किती वेळा घडते याचा हिशेब करून पाहावा. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या चार फटक्यांच्या, म्हणजे दोन फेऱ्यांत एक चक्र पुरे करणाऱ्या, इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५,००० वेळा उघडतो आणि मिटतो. नौका दिवसाला पंधरा तास, महिन्यातले वीस दिवस आणि वर्षातले दहा महिने चालली असे धरले, तर ३,००० तास होतात आणि ही संख्या साडेतेरा कोटींवर जाते. इतक्या वेळा व्हॉल्व्हची तिरकी कडा हेडमधल्या बैठकीवर आपटते. ही बैठक, म्हणजे सीट, अशा इंजिनात जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीची असते. बंद व्हॉल्व्हच्या एका बाजूला शंभर बारपेक्षा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे शंभरपटीपेक्षा, अधिक दाबाचा पेटता वायू आणि दुसऱ्या बाजूला मोकळा पाइप असतो. दोघांच्या मध्ये काय, तर ही दोन मिलिमीटरची गोल पट्टी.

त्या पट्टीला दुसरेही एक काम असते आणि ते अनेकांच्या लक्षात येत नाही. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके काम करताना ६०० अंशांच्या पुढे तापते. ही उष्णता जाते कुठे? सुमारे तीन चतुर्थांश उष्णता सीटवाटे हेडमध्ये आणि तिथून थंड पाण्यात जाते, उरलेली व्हॉल्व्हच्या दांड्यातून त्याला धरणाऱ्या नळीकडे, म्हणजे गाइडकडे. व्हॉल्व्ह जेव्हा सीटवर टेकलेला असतो, तेवढाच वेळ त्याला निवायला मिळतो. काजळीचा एक कठीण कण सीटवर चेपला गेला, त्याच्या खळग्यातून गरम वायूची बारीक धार निसटू लागली, की तेवढ्या जागी धातू निवत नाही, उलट अधिक तापतो, मऊ होतो, झिजतो आणि धार रुंदावते. काढलेल्या व्हॉल्व्हच्या कडेवर ही जागा नखाने जाणवते. गॅसकटरने कापल्यासारखी एक घळ दिसते आणि घळीभोवतीचा धातू निळसर-करडा झालेला असतो.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातली, फट का राखायची, याचे उत्तर इथेच आहे. पोलादाची लांबी दर १०० अंशांमागे मीटरला सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. पंधरा सेंटिमीटरचा दांडा ३०० अंशांनी तापला तर तो अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लांबतो. हेडही तापून वाढत असल्याने ही सगळी वाढ फटीतून वजा होत नाही, परंतु काही होते. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यात थंड इंजिनावर मिलिमीटरच्या काही दशांशांची फट ठेवतात, आणि एक्झॉस्ट अधिक तापतो म्हणून त्याची फट बहुधा हवा आत घेणाऱ्या इनलेटपेक्षा जास्त असते. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. शेजारच्या नौकेचा आकडा आपल्या इंजिनाला लावण्याची पद्धत मला कधीच पटली नाही.

आता गंमत अशी की फट वाढली तर टॅपेट वाजतो, आणि ती कमी झाली तर काहीच ऐकू येत नाही. रॉकर आणि त्याला हलवणारा कॅम झिजले की फट वाढते, खडखड सुरू होते, मालक मेकॅनिकला बोलावतो. याउलट सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुतत गेला की दांडा वर सरकतो आणि फट मिटत जाते. एक वेळ अशी येते की गरम इंजिनात रॉकर व्हॉल्व्हला पूर्ण मिटूच देत नाही. इंजिन छान शांत चालते, नौकेवर सगळे खूश असतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत असतो.

फट तपासण्याची रीत सहा सिलिंडरच्या इंजिनात सोपी आहे. पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा असेल, तर सहाव्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह डुलताना दिसतात, म्हणजे एक मिटत असतो आणि दुसरा उघडू लागतो, तेव्हा पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फटक्याच्या माथ्यावर असतो आणि त्याचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापकाची, ठरलेल्या जाडीची पाती फटीत सरकवली की ती किंचित घासत गेली पाहिजे. फट कमीजास्त करणारा स्क्रू जागी धरणारा चेकनट आवळताना तो स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पाती पुन्हा घालून पाहायची. हा दुसरा फेरा टाळला जातो आणि मग त्या कामाला अर्थ उरत नाही.

सीट आणि व्हॉल्व्ह यांची जुळणी ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने घासून, म्हणजे लॅपिंग करून, करतात. करड्या रंगाची अखंड, सारख्या रुंदीची अंगठी उमटली की काम झाले. रुंदी वाढू देऊ नये, कारण रुंद सीटवर दाब विखुरतो आणि काजळी चेपली जात नाही, साचते. काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या आणि सीटच्या कोनांत मुद्दाम अगदी थोडा फरक ठेवलेला असतो. थंड असताना त्यांचा संपर्क एका बारीक रेषेवर होतो आणि उष्णतेने, दाबाने तो पूर्ण होतो. अशा ठिकाणी हौसेने केलेले लॅपिंग हा फरकच पुसून टाकते. जुन्या मेकॅनिकांना पेस्टचा डबा हाती घेतल्याशिवाय चैन पडत नाही, पण इथे निर्मात्याची पुस्तिका वरचढ मानावी. शेवटी हेड पालथे करून व्हॉल्व्हवरच्या खळग्यांत थोडे डिझेल ओतावे आणि काही मिनिटांनी पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, बोट फिरवून पाहावे. बोट कोरडे निघाले पाहिजे.

इंजेक्टरकडे वळले की मापे आणखी बारीक होतात. साधारण १२० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराला तासाला २४ लिटर डिझेल खाते असे धरले, तर प्रत्येक फवाऱ्याच्या वाट्याला ०.०९ मिलिलिटर येते, म्हणजे ड्रॉपरचे दोन थेंबसुद्धा भरत नाहीत. एवढे डिझेल मिलिमीटरच्या पाव हिश्शाच्या आसपास व्यास असलेल्या भोकांतून दोन-तीन सहस्रांश सेकंदांत धुके होऊन बाहेर पडते. नोझलच्या, म्हणजे इंजेक्टरच्या भोके असलेल्या टोकाच्या, आतली फवारा सोडणारी-थांबवणारी सुई आणि तिचे घर यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. या दोन्ही भागांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. एका नोझलची सुई दुसऱ्यात घालायची नसते.

सुईची एक परीक्षा मला फार आवडते. स्वच्छ डिझेलमध्ये धुतलेली सुई नोझलमध्ये घालून एक तृतीयांश बाहेर ओढायची आणि नोझल तिरके धरायचे. सुई स्वतःच्या वजनाने, न अडखळता, सावकाश खाली उतरली पाहिजे. मध्येच थांबली तर तिच्यावर डाग, गंज किंवा डिझेलचा वार्निशासारखा थर आहे. धड्धड् पडली तर ती झिजली आहे. सुईला चिंधीने पुसू नये, कारण कापसाचा एक तंतूही फटीपेक्षा जाड असतो, आणि घासलेल्या पृष्ठभागाला घामट बोटही लावू नये. मुंबईच्या जूनमध्ये हे दुसरे पथ्य पाळणे कठीणच आहे.

पुढची चाचणी हातपंपाच्या टेस्टरवर होते. जुन्या पद्धतीच्या यांत्रिक इंजेक्टरांची सुई सामान्यतः २०० ते ३०० बारच्या आसपास उघडते. पंपाचा दांडा हळू दाबत नेला की काटा चढतो, ठरलेल्या दाबाला कर्रर्र असा आवाज होतो आणि प्रत्येक भोकातून धुक्याचा सारखा झोत निघतो. कमी पडलेला दाब शिम, म्हणजे पातळ चकती, घालून किंवा स्क्रूने वाढवता येतो. त्यानंतर दाब उघडण्याच्या थोडा खाली धरून ठेवायचा आणि नोझलच्या टोकाकडे नुसते बघत राहायचे. तिथे थेंब धरला तर सुई नीट मिटत नाही. असा इंजेक्टर इंजिनात प्रत्येक फवाऱ्यानंतर टपकतो, तो थेंब अर्धवट जळतो, टोकावर काजळीची फुले धरतात आणि फवारा वाकडा होतो. काळा धूर आणि वाढलेला डिझेलचा खर्च या थेंबापासून सुरू होतो. टेस्टरच्या झोतासमोर हात मात्र कधीही आणू नये. तो झोत कातडी भेदून तेल आत घुसवतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाले तर वेदना नसली तरी तडक रुग्णालय गाठावे.

इंजेक्टर परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा घालतात, याची आठवण मला एका बंदरातल्या लाँचने कायमची करून दिली. मी नवखा होतो. नोझल बदलले तरी एका सिलिंडरचा धूर जाईना. दुसरे नवे नोझल घातले, तरी तेच. तिसऱ्या दिवशी एका वयस्क फिटरने बॅटरी मारून भोकात पाहिले आणि काही न बोलता वाकवलेल्या तारेने तळाचा जुना वॉशर उपटून काढला. काजळीने तो हेडचाच भाग वाटावा इतका काळा झाला होता. त्याच्यावर मी नवा वॉशर घातला होता, त्यामुळे नोझल एका वॉशरच्या जाडीइतके वर राहिले आणि फवारा पिस्टनच्या वाटीऐवजी भलतीकडेच आदळत होता.

बंदरात नांगरलेल्या मोठ्या जहाजांत हाच खेळ वेगळ्या प्रमाणात चालतो. मिनिटाला शंभरएक फेरे घेणाऱ्या दोन फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरवर एकच मोठा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतो, तो क्रेननेच उचलावा लागतो. जड इंधन १०० अंशांहून अधिक तापवल्याशिवाय इंजेक्टरमधून नीट फवारले जात नाही आणि त्यातील व्हॅनेडियम व सोडियम यांची राख गरम धातूवर वितळून त्याला खाते. म्हणून अशा व्हॉल्व्हसाठी निमॉनिकसारखे निकेलचे मिश्रधातू वापरतात, सीट पाण्याने थंड ठेवतात आणि दांड्यावर पंख बसवतात. बाहेर पडणारा वायू त्या पंखांवर आदळून व्हॉल्व्हला थोडे थोडे फिरवतो, त्यामुळे तो दर वेळी एकाच जागी टेकत नाही. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. काही सागरी पट्ट्यांत ती ०.१० टक्के आहे. तिथे शिरताना गरम, दाट इंधनावरून पातळ इंधनावर जावे लागते आणि हा बदल घाईने केला तर इंधनपंपाचे प्लंजर, म्हणजे दट्टे, व इंजेक्टरच्या सुया अडकतात.

ससून डॉकच्या नौकांना मात्र पावसाळ्याचा विसावाच बाधतो. दमट हवेतील ओल एक्झॉस्ट पाइपातून उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते आणि सीट गंजते. अर्ध्या रिकाम्या टाकीच्या भिंतींवर पाणी साकळून डिझेलच्या तळाशी साचते, त्या पाण्यावर जिवाणूंची चिकट साय धरते आणि ती फिल्टर तुंबवते. पाण्याचा अंश सुईपर्यंत गेला तर चार मायक्रॉनच्या फटीत गंजाला फार जागा लागत नाही. म्हणून टाकी काठोकाठ भरून ठेवणे, एक्झॉस्टचे तोंड झाकणे, दर आठवड्याला इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवणे आणि पहिल्या स्टार्टपूर्वी टाकीच्या तळाचे पाणी काढणे, ही चार कामे मी ओव्हरहॉलइतकीच महत्त्वाची मानतो.

हेड उतरवलेल्या इंजिनाचा पहिला प्रवास झाला की हेडखालची गळती रोखणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, दबून बसते, नट किंचित सैल होतात आणि टॅपेटची फटही बदलते. पुस्तिकेत पहिल्या काही तासांनंतरची फेरतपासणी यासाठीच सांगितलेली असते. ऑगस्टमध्ये नौका परतते, मासळी उतरते आणि इंजिन रात्रभर निवते. पहाटे बर्फ चढायच्या आत कव्हर उघडून बारा टॅपेट पाहायला तासभर पुरतो. त्या वेळी चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पाती घेत नसेल, तर फट ठीक करून तेवढ्यावर थांबू नये. तो किती घट्ट झाला होता आणि तासमापकावर किती आकडा होता, हे वहीत लिहून ठेवावे. पुढच्या फेरीनंतर तोच टॅपेट पुन्हा घट्ट निघाला, तर व्हॉल्व्ह रुततो आहे आणि ते हेड पुन्हा उतरवावे लागणार आहे.