गहू गेला, पोट मात्र गच्चच

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात पारा ४५ च्या वर, कूलरमध्ये दर दोन तासांनी पाणी ओतूनही घर तापलेलं, आणि माझी भाची पोटाशी उशी धरून दिवाणावर आडवी. चार दिवस पोट साफ झालं नव्हतं. तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, घरातला सगळ्यात सौम्य उपाय केला. मऊ भात, वर मेतकूट, तूप आणि हिंग घातलेलं ताक. संध्याकाळपर्यंत पोट आणखी फुगलं. "काऊन गं, पचलं नाही का?" एवढंच आईनं विचारलं आणि ओवा भाजायला गेली.

भाचीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाने आतडं बिघडतं तो आजार. त्याआधी आठ महिन्यांपूर्वी निदान झालं होतं. पोळी, ब्रेड, बिस्किट, रवा, शेवया, सगळं घरातून हद्दपार झालं होतं. तरी त्या दिवशीच्या ताटात गहू दोन ठिकाणी लपून बसला होता आणि आमच्यापैकी कुणालाच तो दिसला नाही. मेतकुटात डाळींसोबत मूठभर गहू भाजून घालतात. आणि बाजारातला डबीतला हिंग हा बहुधा निव्वळ हिंग नसतोच. खरा हिंग म्हणजे झाडाच्या मुळाचा चीक, इतका उग्र की तो पिठात मिसळूनच विकतात. ते पीठ कधी तांदळाचं असतं, पुष्कळदा मैद्याचं. म्हणजे पोटातला वात जावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जी डबी पुढे केली जाते, तिच्यातच या आजाराचं कारण भरलेलं.

पण इथे थोडं थांबायला हवं. त्या संध्याकाळची फुगी त्या चिमूटभर मैद्यामुळेच आली, असं मी म्हणणार नाही. चार दिवसांचं बद्धकोष्ठ तर त्याने नक्कीच आलेलं नव्हतं. सिलिअ‍ॅकच्या घरात एक सवय लागते, पोटात जरा कळ आली की गव्हाचा चोर शोधायचा. चोर सापडला की बरं वाटतं. आणि मग खरी कारणं, जी साधी आणि उघड्यावर असतात, ती तशीच राहून जातात.

आधी आजार काय आहे ते. गव्हात, सातूत (म्हणजे जवात) आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन हे प्रथिन असतं. कणीक मळल्यावर ताणली जाते ती त्याच्यामुळे. हे प्रथिन पचायला चिवट आहे, आपले पाचकरस त्याचे सगळे तुकडे करू शकत नाहीत. उरलेले लांब तुकडे बहुतेकांच्या आतड्यातून निमूटपणे पुढे जातात. ज्यांच्याकडे डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही जनुकं आहेत, त्यांच्यातल्या काहींची प्रतिकारशक्ती मात्र या तुकड्यांना शत्रू समजते आणि लढाई स्वतःच्याच आतड्यावर सुरू करते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस शोषून घेणारे. लढाईत ती मखमल झिजून सपाट होते. ही जनुकं दर तीन-चार माणसांत एकाकडे सापडतात, पण आजार होतो त्यातल्या शंभरात जेमतेम तिघांना. बाकीचे आयुष्यभर पोळ्या खातात आणि त्यांना काही होत नाही.

भारतात हा आजार सगळीकडे सारखा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात तो १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के लोकांत आढळला. जनुकांचं प्रमाण तिन्हीकडे फारसं वेगळं नव्हतं. उत्तरेत गहू मात्र कितीतरी जास्त खाल्ला जात होता. नागपूर या नकाशाच्या मधोमध. माझ्या आजीच्या ताटात भाकर होती, आईच्या ताटात भाकर आणि पोळी, भाचीच्या ताटात नुसती पोळी. एवढ्यावरून मी काही सिद्ध करत नाही, पण विचार मनात येतो.

सिलिअ‍ॅक म्हटलं की डॉक्टरांच्याही डोळ्यांसमोर येतं ते जुलाब होणारं, वाळलेलं, पोट पुढे आलेलं मूल. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युअल गी यांनी आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं, ते अशाच मुलांचं. गंमत म्हणजे हा आजार आहारानेच बरा होईल हे त्यांनी बरोबर ओळखलं आणि मग तांदूळ व साबुदाणा बंद करून पातळ, खरपूस भाजलेला पाव चालू ठेवला! खरं कारण धरायला आणखी साठेक वर्षं गेली. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले, आणि त्या उपासमारीत ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला.

जुलाबाचं ते चित्र इतकं पक्कं बसलं की बद्धकोष्ठ असलेल्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. भाचीला लहानपणापासून खडा होत असे. "पाणी पीत नाहीस, भाजी खात नाहीस" हे ऐकतच ती मोठी झाली. निदान झालं ते एकोणिसाव्या वर्षी, आणि तेही हिमोग्लोबिन काही केल्या वर येईना म्हणून. लोह जिथे शोषलं जातं तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच सिलिअ‍ॅकमध्ये सगळ्यात जास्त झिजतो.

आतडं खराब झाल्यावर जुलाब व्हायला हवेत, मग काहींचं पोट उलट बांधून का येतं? याचं एक उत्तर मला फार आवडतं. आतड्याला स्वतःचा ब्रेक आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला न पचलेली चरबी पोचली, तर वरचं काम अर्धवट राहिलंय असा त्याचा अर्थ होतो. मग तिथल्या पेशी पेप्टाइड वायवाय नावाचं संप्रेरक सोडतात आणि वरची सगळी हालचाल मंद होते, पचनाला वेळ मिळावा म्हणून. मखमल झिजलेली असेल तर चरबी रोजच खाली पोचते आणि ब्रेक दाबलेलाच राहतो. अन्न रेंगाळतं, जंतू त्यावर ताव मारतात, वायू होतात. त्यातले मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जास्त झाले तर आतडं आणखी सुस्तावतं. पोट फुगलेलं, आणि साफही नाही.

गहू बंद झाला की हा ब्रेक हळूहळू सुटतो. हळूहळू म्हणजे खरोखरच हळूहळू. मोठ्या माणसात मखमल पुन्हा उगवायला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. पण नेमकं याच काळात आपण दुसरी अडचण स्वतःच्या हाताने आणतो.

हिशेब बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम चोथा (फायबर) असतो आणि पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाही. दिवसाला सहा पोळ्या, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम कणीक, बंद करून तेवढाच भात वाढवला की १७ ग्रॅमचे ४ ग्रॅम होतात. दिवसाची गरज २५ ते ३० ग्रॅमची! आमच्या घरी याहून पुढची मजल गाठली होती. आईच्या लक्षात आलं की उपासाला गहू चालत नाही, म्हणजे उपासाचं सगळं पोरीला चालतं. झालं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, साबुदाण्याचे वडे. "माझी रोजचीच एकादशी आहे, मामा," ती म्हणायची. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, चोथा नावाला. त्यावर लोहाची गोळी, जी पोट बांधते, आणि कॅल्शियमची, जी तिला साथ देते. वर नागपूरचा मे. मोठ्या आतड्यात रोज लिटर-दीड लिटर पाणी येतं आणि त्यातलं दीड-दोनशे मिलिलिटर सोडून सगळं परत शोषलं जातं. घामाने अंग सुकलेलं असलं की आतडं तेवढंही सोडायला नाखूश. या सगळ्यात मेतकुटातल्या गव्हाचा वाटा किती असेल?

उपाय तसे आमच्या मातीतलेच निघाले, पण प्रत्येकाला एक मेख होती.

पहिली ज्वारी. शंभर ग्रॅममागे १० ग्रॅम चोथा, ग्लुटेन शून्य. मेख चक्कीवर. आधीच्या माणसाचं गव्हाचं दळण संपलं की त्याच दगडांमधून आपली ज्वारी जाते. किलोभर ज्वारीत आधीच्या गव्हाचं फक्त १० ग्रॅम पीठ आलं तरी त्यात आठेकशे मिलिग्रॅम ग्लुटेन येतं. 'ग्लुटेन-फ्री' म्हणवायला कायद्याने किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे चाळीस पट. आणि दिवसाकाठी ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तर काही महिन्यांत आतड्याला इजा दिसू लागते. चक्कीवाले काका भले माणूस, "आधी झाडून घेतो" म्हणाले, पण झाडून ते जात नाही. शेवटी घरगुती चक्की घेतली. ज्वारी निवडूनच टाकावी लागते, पोत्यात गव्हाचे दाणे हमखास निघतात.

दुसरं जवस. विदर्भात जवसाची चटणी कुणाला नवी नाही. १०० ग्रॅममागे २६ ग्रॅम चोथा, त्यातला बराचसा भिजल्यावर बुळबुळीत होणारा, म्हणजे मळ ओला ठेवणारा. इथली मेख शब्दाची आहे. जवस चालतो, जव नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात एका दुकानदाराने जवसाऐवजी जवाचीच पुडी बांधली होती. सातूच्या पिठाचंही तसंच. कुठे ते जवाचं, कुठे गव्हाचं, कुठे फुटाण्याचं. विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसरा इसबगोल. तो गव्हाचा कोंडा नव्हे, वेगळ्याच झाडाच्या बियांचं साल आहे. अनेकांना कोंडा घेण्याचा सल्ला मिळतो, तो सिलिअ‍ॅकवाल्यांसाठी बाद, ही जागा इसबगोल भरून काढतो. मात्र पेलाभर पाण्याशिवाय तो घेतला तर आतच घट्ट होऊन बसतो. आणि चोथा कुठलाही असो, एकदम वाढवला तर पहिले आठ-दहा दिवस पोट जास्त फुगतं. भाचीने तिथेच दोनदा सोडून दिलं होतं. तिसऱ्या वेळी अर्ध्या चमच्यापासून सुरुवात केली.

संत्र्याबद्दल नागपूरकराला सांगणं म्हणजे आगाऊपणाच, तरी सांगतो. रस काढला की चोथा चाळणीत राहतो. फोडीच खाव्यात, पांढऱ्या शिरांसकट.

दुधाचं निराळं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर त्या मखमलीच्या अगदी शेंड्यावर असतं. शेंडे झिजले की तेही जातं आणि सगळ्यात शेवटी परत येतं. म्हणून सुरुवातीचे काही महिने दुधाने गुबारा धरतो. दही-ताक त्या मानाने सोसतं. हे कायमचं नसतं, त्यामुळे दूध जन्मभरासाठी तोडायची गरज नाही.

बाकी सवयींचं थोडक्यात. न्याहारीनंतर मोठं आतडं आपणहून हलतं, ती वेळ मोबाइल बघत घालवू नये. कमोडवर बसताना पायाखाली पाट घेतला तर गुडघे वर येतात आणि गुदमार्गाचा कोन सरळ होतो. भारतीय संडासात हे फुकटात मिळायचं.

इतकं करूनही पोट अडलेलंच असेल तर पुन्हा डॉक्टरकडे जायला हवं. सिलिअ‍ॅकवाल्यांत थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण जास्त असतं आणि मंद थायरॉइड पोट बांधतं, ती तपासणी साधी रक्ताची आहे. अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या त्या लढाईच्या रक्तातल्या खुणा, उतरत्या आहेत का, हेही तेव्हाच कळतं. उतरत असतील तर नुसता लपलेला गहू शोधत न बसता दुसरीकडेही पाहायचं. मळातून रक्त, नकळत वजन उतरणं, झोपेतून उठवणारी कळ, किंवा पोट फुगून उलट्या आणि वारासुद्धा सरकत नाही, यात घरगुती काही करू नये. आणि अजून निदान झालेलं नाही, नुसता संशय आहे, त्यांनी तपासणीआधी गहू सोडू नये. गहू बंद केला की रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

भाचीच्या अँटिबॉडी यंदाच्या जानेवारीत सामान्य पातळीवर आल्या. पोट रोज नाही, पण एक दिवसाआड न कुंथता साफ होतं. आईनं मेतकूट आता गव्हाऐवजी ज्वारी भाजून केलं आहे. चवीत फरक आहे असं माझं मत, काहीच फरक नाही असं आईचं. हिंगाची नवी डबी तांदळाच्या पिठाची आहे, त्यावरचं बारीक अक्षर आई चष्मा काढून, डोळ्यांशी धरून वाचते. एकच तक्रार आहे तिची, दुपारी डोळा लागला की नेमकी तेव्हाच पोरगी घरची चक्की सुरू करून राहते.