पियानो पाहायला जायचं ते वळवाच्या आधी

बेळगावात गाण्याचं घर म्हटलं की पेटी आलीच. पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात पेटी कशी पारखायची, हे सांगणारी माणसं दर दोन गल्ल्यांत भेटतील. पियानोचं तसं नाही. मुलगी कीबोर्डच्या दोन-तीन परीक्षा पास होते, शिक्षक म्हणतात आता खरा पियानो हवा, आणि घरात चर्चा सुरू होते ती किंमत, कंपनी आणि पॉलिशची. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा: हा कुठला महिना चाललाय?

पियानोचं झाकण उघडून आत पाहिलं तर पट्ट्या 88 आणि तारा सुमारे 230 दिसतात. खर्जातल्या सुरांना एकेक-दोनदोन जाड तांबं गुंडाळलेल्या तारा, मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन. एका तारेवर साधारण 70 ते 80 किलोचा ताण असतो, म्हणजे सगळ्या मिळून सोळा-सतरा टनांच्या आसपास. हा भार ओतीव लोखंडाची चौकट पेलते. आवाज मात्र लोखंडातून येत नाही. तार एवढी बारीक असते की एकटी ती फारशी हवा हलवू शकत नाही. तिचं कंपन, ती जिच्यावर टेकलेली असते त्या लाकडी घोडीतून मागच्या पातळ फळीत उतरतं, आणि ही आठ-नऊ मिलिमीटर जाडीची स्प्रूसची फळी, म्हणजे साउंडबोर्ड, खोलीभर आवाज पसरवते.

सगळी गोष्ट या फळीपाशी अडते. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. हवेत 40 टक्के आर्द्रता असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण 8 टक्के पाणी मुरलेलं असतं. 80 टक्क्यांत तेच 16च्या घरात जातं. पाणी मुरलं की लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं फुगतं. जुलैत संडासाचं दार चौकटीत अडकतं, ते याच कारणानं. साउंडबोर्डला मात्र फुगून पसरायला जागा नसते. कडा घट्ट चिकटवलेल्या, पाठीवर आडव्या लाकडी काठ्या. मग ती तारांच्या बाजूला आणखी फुगवटा धरते, घोडी वर ढकलली जाते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. सेकंदाला 440 कंपनांचा सूर भर पावसाळ्यात 443-445पर्यंत गेला तर नवल नाही. उन्हाळ्याकडे फळी सुकते, बसते, सूर उतरतो. त्यातही मधली सप्तकं जास्त सरकतात, दोन्ही टोकं कमी. त्यामुळे पियानो नुसता चढत-उतरत नाही, स्वतःशीच बेसूर होतो.

आपल्या जिल्ह्यात हे नाटक जरा जास्तच रंगतं. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळाभर धुकं आणि ओल, आणि त्याच जिल्ह्यात अथणी-रायबागला कोरडं माळरान. बेळगाव शहर या दोन्हींच्या मध्ये आहे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, फेब्रुवारी-मार्चला ओठ फुटतात. वर्षभर सारखीच दमट असलेली हवा लाकडाला एक वेळ सोसते. त्याला थकवतो तो हा वरखाली फेरा.

आता महिन्याचा मुद्दा. प्रत्येक तार एका पोलादी खुंटीला गुंडाळलेली असते, आणि सुमारे सात मिलिमीटर जाडीची ही खुंटी पिनब्लॉक नावाच्या थर जोडून केलेल्या कठीण लाकडात रुतलेली असते. तिच्यावर बारीक आटे असले तरी ती स्क्रूसारखी आवळलेली नसते, फक्त घर्षणावर धरलेली असते. फुगण्या-सुकण्यात वर्षानुवर्षं भोकं सैलावतात. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळे सैल खुंटीही घट्ट वाटते. ऑगस्टमध्ये छान सुरात लागलेला जुना पियानो मार्चमध्ये ढेपाळतो तो असा. म्हणून वापरलेला पियानो पाहायला जायचं ते वळवाचे पाऊस सुरू होण्याआधी, हवा सर्वांत कोरडी असताना.

पाहायचं कसं? फोनवरचं, सूर किती चढा-उतरा ते दाखवणारं ट्यूनर ॲप पुरतं. सगळा पियानो सारखाच थोडा उतरलेला असेल तर बहुधा कोणी बरीच वर्षं जुळवला नाही, एवढंच. पण शेजारचे सूर जागेवर आणि मधलाच एखादा फार उतरलेला, किंवा एकाच पट्टीच्या तीन तारांपैकी एक ढळून आवाजात लाटा उठताहेत, असं दहा-बारा ठिकाणी आढळलं, तर खुंट्यांवर संशय घ्या. उलट चिकटणाऱ्या पट्ट्या पावसाळ्यातच कळतात; पट्ट्यांच्या भोकांत बसवलेलं लोकरी कापड फुगतं. तो दोष मात्र बहुतेकदा स्वस्तात दुरुस्त होतो. पिनब्लॉकचा होत नाही.

जुने ब्रिटिश उभे पियानो अधूनमधून विकायला निघतात. दिसायला देखणे, वर मेणबत्तीचे पितळी हात. त्यातल्या काहींत हातोड्यांच्या वर तारांचा पिंजरा असतो. आवाज थांबवणाऱ्या गाद्या तिथून चालतात आणि पियानो जुळवणाऱ्याला, म्हणजे ट्यूनरला, आत हत्यार घालायला फारशी जागा राहत नाही. असला पियानो फुकट मिळाला तरी घेऊ नये, हे माझं मत. हातोड्यांचा नमदा लोकरीचा, म्हणून कसर लागलीय का तेही बघा. आणि उंची मोजा. 110 सेंटिमीटरच्या आतल्या पियानोत खर्जाच्या तारा आखूड आणि जाड कराव्या लागतात. अशी तार थोडी सळीसारखी वागते, तिचे वरचे स्वर नेमक्या पटींपेक्षा चढे निघतात आणि खर्ज गढूळ लागतो. 120च्या पुढे फरक कानाला कळतो.

तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला एक गोष्ट खटकेल. पियानोचा गंधार चढा वाटेल. तो असतोच. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जाच्या 1.25 पट, पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळे तो 1.26च्या जवळ जातो. पंचम मात्र 1.5 ऐवजी 1.498, म्हणजे जवळपास शुद्धच. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी यासाठी दुकानदाराशी भांडू नये.

घरी आणल्यावर पश्चिमेच्या खिडकीखाली किंवा ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका; पाऊस तिकडूनच झोडपतो. आतल्या भिंतीलाही हातभर जागा सोडा. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या पेटाऱ्यात काही करत नाहीत. आत बसवायची, आर्द्रता मोजून आपोआप चालू-बंद होणारी हीटरची दांडी मिळते, ती उपयोगाची. नुसता बल्ब पेटवून ठेवला तर मार्चमध्येही लाकूड भाजत राहतं. खोलीत एखादा स्वस्तातला आर्द्रतामापक टांगा आणि आकडा 45 ते 60मध्ये राहील असं बघा. पावसाळ्यात तो 70वर गेला तर निदान फार हेलकावे नसावेत.

उभा पियानो दोन-अडीचशे किलोचा असतो, तेव्हा वरच्या मजल्यावर चढवणाऱ्या हमालांशी आधीच बोला. आल्या आल्या जुळवू नका, दोन-तीन आठवडे त्याला नव्या हवेत बसू द्या. नव्या तारा अजून ताणल्या जात असतात, त्यामुळे नव्या पियानोला पहिल्या वर्षी तीन-चारदा जुळवावं लागतं. पुढे वर्षातून दोनदा पुरतं. ट्यूनर गोव्याहून किंवा पुण्याहून बोलवावा लागला, तर त्याचा प्रवासखर्च पियानोच्या किमतीत आधीच धरा, आणि त्याला जुलैत नको, दिवाळीनंतर हवा स्थिरावली की बोलवा.