कर्नल कम्पाइल झाला, पण बूट का होत नाही?

घरी लिहिलेला छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एकही एरर न देता कम्पाइल होतो आणि तरीही बूट होत नाही. अशा वेळी बहुतेक जण सी भाषेतला कोड पुन्हा पुन्हा तपासत बसतात. माझ्या मते आधी पाहावी ती लिंकर स्क्रिप्ट, म्हणजे कम्पाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला दिलेल्या सूचनांची फाइल. मेमरीत कोणता बाइट कुठे बसेल हे तिथे ठरतं, आणि मशीन चालू झाल्यावर पहिल्या काही क्षणांत सगळा व्यवहार पत्त्यांवरच चालतो.

बायोस (मशीन सुरू करणारं अंगभूत सॉफ्टवेअर) असलेला पीसी सुरू झाला की डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचला जातो. त्याचे शेवटचे दोन बाइट हेक्समध्ये ५५ आणि एए असले, तर बायोस तो सेक्टर ७सी०० या पत्त्यावर ठेवतो आणि प्रोसेसर तिथून पुढे चालू लागतो. तोही १९७८ सालच्या ८०८६ सारखा, १६ बिटांच्या मोडमध्ये! एवढ्याशा जागेत कर्नल मावत नाही, म्हणून ग्रबसारखा तयार बूटलोडर (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम) वापरतात. प्रोसेसरला ३२ बिटांच्या मोडमध्ये नेण्याचं कामही तोच करतो.

मात्र आपला कर्नल ग्रबला ओळखता यावा लागतो. फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटमध्ये तो मल्टिबूट हेडर, म्हणजे मल्टिबूट या ठरलेल्या पद्धतीची ओळखखूण, शोधतो: एक ठरलेला आकडा, मग फ्लॅग, मग चेकसम (पडताळणीचा आकडा). तिघांची ३२ बिटांतली बेरीज शून्य यायला हवी. लिंकरने हा हेडर फाइलमध्ये फार मागे टाकला, तर ग्रबच्या लेखी तो नसतोच. म्हणून स्क्रिप्टमध्ये हेडरचा सेक्शन सगळ्यात आधी लिहायचा आणि कर्नलचा पत्ता १ एमबीपासून सुरू करायचा, कारण त्याखालच्या पट्ट्यात बायोस आणि व्हिडिओ मेमरी ठाण मांडून असतात.

कम्पायलरलाही सांगावं लागतं की खाली कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम नाही. त्यासाठी फ्रीस्टँडिंग पर्याय आणि शक्यतो वेगळा क्रॉस कम्पायलर (दुसऱ्या सिस्टीमसाठी कोड बनवणारा) घ्यावा. मजकूर छापणारं प्रिंटएफ नाही, मेमरी मागणारं मॅलॉक नाही. वापरण्याजोगा स्टॅक, म्हणजे फंक्शनची तात्पुरती माहिती ठेवायची जागा, तीसुद्धा नाही. असेंब्लीच्या काही ओळींत १६ केबी जागा राखून तिचा वरचा पत्ता स्टॅकची जागा दाखवणाऱ्या ईएसपी रजिस्टरमध्ये भरला, की मगच सी फंक्शनला हाक मारता येते. इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मध्येच दिलेले इशारे) मात्र इतक्यात सुरू करू नयेत. ते हाताळणारा तक्ता तयार नसेल तर टायमरच्या पहिल्याच ठोक्याला ट्रिपल फॉल्ट (एरर हाताळतानाच पुन्हा पुन्हा एरर) होऊन मशीन रीसेट होतं.

हे सगळं क्यूएमू या एम्युलेटरवर (सॉफ्टवेअरमधल्या नकली मशीनवर) करून पाहावं. मल्टिबूट कर्नल तो आयएसओ (डिस्कची नक्कल असलेली फाइल) न बनवताही थेट उचलतो. पडद्याची मेमरी बी८००० वर असते: ८० रकाने, २५ ओळी आणि प्रत्येक जागेला दोन बाइट, एक अक्षराचा, एक रंगाचा. इंग्रजी अक्षरं अशी लगेच उमटतात. ‘नमस्कार’ मात्र उमटत नाही, कारण व्हीजीए या पीसीच्या जुन्या डिस्प्ले मानकाच्या टेक्स्ट मोडमधल्या २५६ आकृत्यांच्या मूळ संचात देवनागरी नाही. त्यासाठी ग्राफिक्स मोडमध्ये जाऊन फॉन्ट स्वतः रेखाटावा लागेल आणि ‘स्का’मधला अर्धा स जोडण्याचे नियमही कर्नलला शिकवावे लागतील. मराठी प्रोग्रामरने पुढचा टप्पा म्हणून हाच घ्यावा.