झेब्रा लोच की राणी लोच? पट्ट्यांवरून होणारी गफलत

शोभेच्या माशांच्या दुकानात झेब्रा लोच आणि राणी लोच या तळाशी वावरणाऱ्या दोन्ही माशांना बहुधा 'बोटिया' एवढेच म्हणतात आणि गिऱ्हाईकही तेवढ्यावर समाधान मानते. अंगावर काळे-पिवळे उभे पट्टे, खाली वळलेले तोंड, ओठांभोवती मिशांच्या चार जोड्या, तळाला टेकणारे सपाट पोट आणि टाकीत सोडल्याबरोबर जवळच्या दगडाखाली गडप होण्याची खोड, इतके सगळे सारखे असल्यावर त्यांची अदलाबदल होणे साहजिक आहे. झेब्राचे शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायटा, राणीचे बोटिया डारिओ. प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, एकच असली, तरी जाती वेगळ्या, नद्या वेगळ्या आणि टाकीतल्या गरजाही पुरत्या सारख्या नाहीत.

राणी लोच हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा. निसर्गतज्ज्ञ फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. बांगलादेशात त्याला 'रानी माछ' किंवा 'बउ माछ', म्हणजे नवरीमासा, म्हणतात आणि तो आवडीने खातातही; बाजारातले 'राणी' हे नाव तिथूनच आलेले दिसते. झेब्रा लोच मात्र आपल्या सह्याद्रीचा. प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये कर्नाटकातल्या तुंगा नदीतल्या, तीर्थहळ्ळीजवळच्या माशांवरून त्याचे वर्णन केले. तो कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांमध्ये सापडतो, आणि १९५६ मध्ये त्याच्या एका प्रकाराला चक्क 'कोल्हापुरेन्सिस' असे नाव देण्यात आले होते. पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला परदेशी वाटणारा हा मासा कोल्हापूरकरांच्या शेजारचा आहे, ही गोष्ट दुकानदारालाही सहसा ठाऊक नसते.

ओळखण्यासाठी लोक पट्टे मोजायला जातात आणि तिथेच चुकतात, कारण हलणाऱ्या माशाचे पट्टे मोजता येत नाहीत आणि पट्ट्यांची संख्या माशागणिक थोडी बदलते. पाहायचे असते ते पट्टा कसा बनला आहे हे. राणी लोचच्या सोनेरी-पिवळसर अंगावर साधारण सात-आठ रुंद, गडद, किंचित तिरके पट्टे असतात, आणि प्रत्येक पट्टा शाईने भरून काढल्यासारखा भरीव दिसतो. झेब्रा लोचचा गडद पट्टा लांबून तसाच वाटतो, पण काचेला नाक लावून पाहिले की त्याच्या आत पिवळट रंगाच्या बारीक रेघा उभ्या धावताना दिसतात, म्हणजे एका रुंद पट्ट्याचे दोन-तीन अरुंद पट्टे झालेले असतात. सगळे अंग त्यामुळे बारीक विणीच्या कापडासारखे दिसते. राणी लोचचे अंग जाड काठांच्या कापडासारखे, असे म्हटले तरी चालेल.

आता फोटोचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते निम्मी गफलत माशांमुळे नव्हे तर फोटोंमुळे होते. झेब्रा लोचची ओळख ज्या रेघांवर आहे त्या इतक्या बारीक असतात, की फोटो जरा हलला, प्रकाश कमी पडला किंवा मोबाइलवरून पाठवताना चित्र दाबले गेले, की त्या सर्वांत आधी पुसल्या जातात. उरतात ते रुंद गडद पट्टे, म्हणजेच राणी लोच. वाईट फोटो एका जातीची दुसरी जात करून टाकतो. मीही एकदा विक्रेत्याने पाठवलेल्या अशाच धूसर फोटोवर विसंबून 'झेब्रा' म्हणून पाच पिल्ले घेतली होती. रेघा दिसत नाहीत त्या फोटोच्या दोषामुळे, असे मी स्वतःला समजावले आणि पिल्ले घरी आल्यावरही आठवडाभर तेच समजावत राहिलो.

चांगला फोटो काढण्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, पण थोडी शिस्त लागते. खोलीतले दिवे बंद करून फक्त टाकीवरचा दिवा चालू ठेवावा, म्हणजे काचेत आपलेच प्रतिबिंब येत नाही. कॅमेरा काचेला अगदी समोरासमोर धरावा. तिरका धरला तर जाड काच आणि पाणी मिळून कडा पसरवतात आणि बारीक रेघांना रंगीत झालर लागते. समोरून फ्लॅश मारू नये. तळाला काळसर बारीक वाळू असेल तर उत्तम, कारण पांढऱ्या वाळूवर हे मासे स्वतःचा रंग फिका करतात आणि कॅमेराही उजेडाचा अंदाज चुकवतो.

एक गंमतीची अडचण इथे सांगायला हवी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, असल्यामुळे तिच्यावर चालणारे स्वस्त एलईडी दिवे दर आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, कमी-जास्त होतात, आणि शटरचा वेग बराच वाढवला की मोबाइलच्या चित्रात गडद-फिकट पट्टे उमटतात. फोन उभा धरला तर हे पट्टे बहुधा चित्रातही उभेच येतात आणि माशाच्या अंगावर नसलेला पट्टा हुबेहूब असल्यासारखा दिसतो. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवला की ते जातात. शटरच्या एवढ्या कमी वेगाला पोहणारा लोच चित्रात हललेलाच येतो, म्हणून त्याला थांबवायचे काम काकडीच्या चकतीवर सोपवावे: रात्री काचेजवळ चकती दगडाखाली दाबून ठेवली की मासे तिच्याभोवती गोळा होतात, मिशा हलवत राहतात आणि बाकीचे अंग काही क्षण स्थिर ठेवतात.

भांडणाच्या वेळी मात्र ओळख पटवण्यासाठी फोटो काढू नये. कळपातले वर्चस्व ठरवताना दोन्ही जातींचे मासे एकमेकांना अंग घासत गोल फिरतात, आणि त्या वेळी त्यांचे गडद पट्टे राखी होतात व फरक ओळखणे अवघड जाते. नवखा माणूस याला आजार समजतो. कुशीवर आडवा पडलेला लोच पाहूनही तो घाबरतो. हे मासे झोपतातच तसे.

पाळण्यातला मोठा फरक आकाराचा आहे. झेब्रा लोच आठ-दहा सेंटिमीटरवर थांबतो, त्यामुळे सहा माशांच्या कळपाला तीन फुटी टाकी चालते. राणी लोच बारा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि त्याला चार फुटांहून कमी टाकी देणे मला योग्य वाटत नाही. झेब्रा स्वभावानेही त्यातल्या त्यात शांत. डोंगरी नद्यांतला असल्यामुळे त्याला २२ ते २६ अंश सेल्सिअसचे, वाहते आणि ऑक्सिजनने भरलेले पाणी मानवते. उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३० अंशांवर गेले की तो दमतो. बाकी गोष्टी दोघांना समान: मऊ वाळू, भरपूर बिळे, किमान पाच-सहाचा कळप आणि गोगलगायींचा खुराक. दोघांचे खवले अगदी बारीक असल्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर औषध देताना सुरुवात अर्ध्या मात्रेने करतात. डोळ्याखाली दुभंगलेला, उघडमीट होणारा काटाही दोघांना असतो आणि तो जाळीत अडकतो, म्हणून लोच जाळीने न पकडता काचेच्या भांड्यात हाकलून घ्यावा.

नाव नीट ओळखण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते टाकीबाहेरचे आहे. झेब्रा लोच आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदवलेला आहे, तर राणी लोचबाबत तशी चिंता नोंदवलेली नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा उचलणाऱ्या तिघांमध्ये बोटिया स्ट्रायटाचे नाव होते. घरच्या टाकीत या माशांची वीण फार क्वचित होते. म्हणून झेब्रा घेताना तो नदीतून धरलेला आहे की हॅचरीत, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात, वाढवलेला, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत आले तर मासा तिथेच राहू द्यावा.

माझी ती पाच पिल्ले अर्थातच राणी निघाली. तीन वर्षांत सगळ्यांनी चार इंच ओलांडले, तीन फुटी टाकी अपुरी पडली आणि दिवाणखान्यातले पुस्तकांचे कपाट हलवून तिथे चार फुटी टाकी आली. खरेदीच्या दिवशीचा तो धूसर फोटो मी अजून जपून ठेवला आहे. आज पाहिला की रेघा कुठेच नाहीत हे लख्ख दिसते.