पाइपाबाहेरची बोटभर जागा

शेतात बोअर मारताना जे उभे राहिले आहेत, त्यांना केसिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वरची माती, मुरूम भोकात ढासळू नये म्हणून सुरुवातीच्या काही फुटांत पाइप उतरवतात. त्याचे पैसे फुटावर, वेगळे. त्यामुळे मालक आणि गाडीवाला यांची तिथे हमखास घासाघीस होते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डिमॉक नावाच्या गावाने फ्रॅकिंगच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाने खोल खडक तडकवून वायू काढण्याच्या, विरोधात जवळजवळ चौदा वर्षं जी लढाई दिली, ती खोलात गेलं की अशाच एका पाइपापाशी, खरं तर पाइपाच्या बाहेरच्या बोटभर जागेपाशी येऊन थांबते.

डिमॉक जेमतेम दीड हजार वस्तीचं. गाईंचे गोठे, दगडाच्या खाणी आणि घरटी स्वतःची विहीर, नळयोजना नाही. गावाखाली दीड-दोन किलोमीटर खोल मार्सेलस नावाचा काळा शेल खडक आहे आणि त्यात मिथेन वायू ठासून भरलेला आहे. २००६ च्या सुमारास कॅबट ऑइल अँड गॅस या ह्यूस्टनच्या कंपनीची माणसं भाडेकराराचे कागद घेऊन दारोदार फिरू लागली. आपल्याकडे जमिनीखालचं तेल आणि वायू सरकारच्या मालकीचे. तिकडे ते बहुधा जमीनमालकाचे असतात, त्यामुळे सही शेतकऱ्याचीच लागते. पुढे जे कोर्टात गेले, त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी हौसेने सह्या केल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. शेजारी-शेजारी फाटले ते यावरूनच: एकाच्या विहिरीत वायू, तर दुसऱ्याच्या खात्यात दरमहा पैसे.

१ जानेवारी २००९ ला एका घराच्या विहिरीत स्फोट झाला आणि तिच्यावरचा काँक्रीटचा स्लॅब फुटून उडाला.

मिथेन विषारी नाही. त्याला वास नाही, चवही नाही. पाण्यात विरघळलेला मिथेन प्यायल्याने काही होत असल्याचं दिसत नाही. पण दाबाखालचं पाणी वर आलं की सोड्याच्या बाटलीसारखा तो सुटतो आणि बंद जागेत साठतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरते.

आता फ्रॅकिंग. आधी सरळ खाली भोक पाडायचं, शेलच्या थरात पोचल्यावर ते आडवं वळवायचं आणि किलोमीटरभर किंवा जास्त पुढे न्यायचं. मग प्रचंड दाबाने पाणी सोडून खडक तडकवायचा. पाण्याबरोबर वाळू जाते, ती तडा मिटू देत नाही. थोडी रसायनंही असतात, साधारण टक्काभर किंवा त्याहून कमी. एका विहिरीला कोटभर लिटर पाणी सहज लागतं. तत्त्व आपल्याला अगदी परकं नाही. आपली भूजल सर्वेक्षण यंत्रणा आटलेल्या बोअरवर ‘जलभंजन’ करते, तेही दाबाने पाणी सोडून बेसॉल्टमधल्या बुजलेल्या भेगा मोकळ्या करणंच आहे. मात्र तिथे वायू नसतो आणि हेतू पाणी मिळवण्याचा असतो, त्यामुळे त्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

कंपनीचं म्हणणं असं: आम्ही तडे पाडतो दीड किलोमीटर खाली, तुमच्या विहिरी शंभर मीटरच्या आतल्या. मधला एवढा खडक भेदून तडा वर येईल कसा? आणि या भागात मिथेन तर पूर्वापार आहे. जवळच्याच सॉल्ट स्प्रिंग्ज उद्यानातल्या झऱ्यातून बुडबुडे येतात. यातली दोन्ही विधानं खरी आहेत, आणि गावकऱ्यांची पंचाईत तिथेच झाली.

कारण वायूला तडा नकोच होता, त्याला रस्ता आयता मिळाला होता. भोक पाडलं की लोखंडी पाइप आणि खडक यांच्यामध्ये पोकळी राहते, ती सिमेंटने भरतात. सिमेंट नीट बसलं नाही, आकसलं किंवा त्यात फट राहिली, की पाइपाला बाहेरून लागून खालपासून वरपर्यंत एक जिना तयार होतो. वाटेत मधल्या थरांतही वायूचे छोटे साठे असतात. तो वायू जिना चढून गोड्या पाण्याच्या थरात शिरतो. राज्याच्या पर्यावरण विभागाने डिमॉकमध्ये दोष ठेवला तो अशाच सदोष विहिरींवर. २०१० मध्ये गावच्या सुमारे ९ चौरस मैलांत कंपनीला नवं ड्रिलिंग बंद करायला लावलं.

म्हणजे ‘फ्रॅकिंगने पाणी नासलं का?’ या प्रश्नाला कंपनी ‘नाही’ म्हणायची, आणि शब्दाचा अर्थ फक्त खडक तडकवणं एवढाच धरला तर ते खोटं नव्हतं. गावकऱ्यांच्या लेखी फ्रॅकिंग म्हणजे जमीन सपाट करण्यापासून खारं सांडपाणी टँकरने नेण्यापर्यंतचा सगळा कारभार. वर्षानुवर्षं दोन्ही बाजू एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत राहिल्या. माझ्या मते विरोधकांनी हा शब्द सोडून ‘सिमेंट’ हा शब्द घट्ट धरायला हवा होता. पण सिमेंटवर घोषणा होत नाहीत.

वायू कुठला, हे ओळखता येतं. दलदलीतले जिवाणू जो मिथेन बनवतात त्यात कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जरा जड प्रकार, कमी असतो. खोल उष्णतेने शिजलेल्या मिथेनमध्ये तो जास्त, आणि सोबत इथेन नावाचा दुसरा वायू येतो. इथेन जिवाणू जवळजवळ बनवतच नाहीत. ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये या भागातल्या विहिरी तपासल्या. चालू वायूविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतल्या पाण्यात मिथेन ड्रिलिंग नसलेल्या भागापेक्षा सरासरी १७ पट निघाला. फ्रॅकिंगच्या रसायनांचा मात्र पुरावा सापडला नाही. २०१३ च्या मोठ्या पाहणीत, १४१ विहिरींमध्ये, जवळच्या घरांत मिथेन ६ पट आणि इथेन २३ पट होता. तरीही एक भोक उरलंच: ड्रिलिंगच्या आधी पाणी कसं होतं, हे बहुतेकांनी तपासलेलंच नव्हतं. आधीचा रिपोर्ट नसेल तर नंतरच्या रिपोर्टवर वकील हसतो.

सरकारी यंत्रणांचंही एकमत नव्हतं. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०१२ मध्ये डिमॉकच्या ६४ घरांचं पाणी तपासून पुढे काही करण्याची गरज नाही असं जाहीर केलं. त्याच नमुन्यांचे आकडे घेऊन केंद्राच्याच आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं, की २७ विहिरींमध्ये आरोग्याला घातक ठरू शकतील अशी द्रव्यं होती आणि १७ घरांत मिथेनमुळे आग किंवा स्फोटाचा धोका होता. आणि २००५ च्या ऊर्जा कायद्याने तर फ्रॅकिंगला, डिझेल वापरलं नसेल तर, पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय कायद्यातल्या जमिनीत द्रव सोडण्याच्या नियमांतून वगळूनच टाकलं होतं.

उरतो अंतराचा प्रश्न. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून घर आणि वायूविहीर यांत ५०० फूट अंतर लागतं. २०२० मध्ये राज्याच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचे का हे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ते २,५०० फूट करावं अशी शिफारस केली. गंमत अशी की कायद्यातच दुसरीकडे २,५०० चा आकडा आहे: तेवढ्या अंतरात आणि ड्रिलिंगनंतर वर्षभरात विहिरीचं पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचा असं गृहीत धरतात. म्हणजे संशयाचं वर्तुळ अर्ध्या मैलाचं, आणि बंदीचं त्याच्या पाचव्या हिश्शाचं.

२०२० मध्येच कॅबटवर फौजदारी आरोप ठेवले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने, तोवर विलीनीकरण होऊन तिचं नाव कोटेरा झालं होतं, एका आरोपाला आव्हान न देण्याचं मान्य केलं. नवी नळयोजना बांधायला १ कोटी ६२ लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यायची आणि झळ बसलेल्या घरांचं पाण्याचं बिल ७५ वर्षं भरायचं, असं ठरलं. त्याच सुमारास राज्याने त्या ९ चौरस मैलांखालून, बाहेरच्या बाजूने आडवं भोक नेऊन, वायू काढायला परवानगी दिली.