एकाच रेल्वेमार्गावरचे दोन देश

झिम्बाब्वे म्हटलं की आपल्याकडच्या एका पिढीला शारजा आठवतं. नोव्हेंबर 1998. हेन्री ओलोंगाच्या उसळत्या चेंडूवर सचिन बाद झाला आणि दोनच दिवसांनी, अंतिम सामन्यात, त्याच ओलोंगाला त्याने धू धू धुतलं आणि नाबाद 124 काढल्या. ओलोंगाची पुढची गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. फेब्रुवारी 2003 मध्ये हरारेतल्या विश्वचषकाच्या सामन्यात तो आणि अँडी फ्लॉवर दंडाला काळी फीत बांधून उतरले. आपल्या देशात लोकशाही मेली आहे, तिचा हा शोक, असं त्यांनी सांगितलं. ओलोंगाला त्यानंतर देश सोडावा लागला. शेजारच्या बोट्सवानाबद्दल आपल्याकडे अशी एकही आठवण नाही. तिथले हिरे आणि हत्ती तेवढे ऐकून माहीत असतात.

बोट्सवाना क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आहे. 2022 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली साडेतेवीस लाख, म्हणजे 2011 च्या नागपूर शहरापेक्षाही थोडी कमी. झिम्बाब्वे आकाराने लहान, पण माणसं दीड कोटी. बोट्सवानातलं दरडोई उत्पन्न आज झिम्बाब्वेच्या तिपटीच्या आसपास आहे. साठ वर्षांपूर्वी हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. बोट्सवाना तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता, आणि ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिम्बाब्वे, कारखाने, तंबाखू आणि मका यांचा संपन्न मुलूख होता.

या उलथापालथीचं सोपं स्पष्टीकरण सगळ्यांच्या तोंडी असतं: एकीकडे बोट्सवानाचा सेरेत्से खामा हा चांगला नेता, दुसरीकडे झिम्बाब्वेचा रॉबर्ट मुगाबे हा वाईट नेता. ते खोटं नाही. पण दोन्ही देशांच्या वाटा फुटल्या त्या या दोघांच्या जन्माआधी. त्या कशा फुटल्या ते कळायला 1895 पर्यंत मागे जावं लागतं.

दक्षिण आफ्रिकेतला खाणमालक सेसिल ऱ्होड्स याच्या कंपनीला 1889 मध्ये ब्रिटनच्या राणीची सनद मिळाली आणि 1890 मध्ये तिची तुकडी उत्तरेकडे, आजच्या झिम्बाब्वेकडे, निघाली. सोबतच्या प्रत्येक गोऱ्या तरुणाला तीन हजार एकर जमीन आणि सोन्याच्या खाणींचे पट्टे देण्याचं आश्वासन होतं. दक्षिण आफ्रिकेसारखं सोनं इथेही निघेल हा होरा होता. सोनं अपेक्षेइतकं निघालं नाही, पण जमीन चांगली होती, उंचावरची, पावसाची. मग तीच घेतली.

तिथे जायचा रस्ता आजच्या बोट्सवानातून जात होता. बेचुआनालँड नावाच्या या मुलखाला ब्रिटनने 1885 मध्ये संरक्षण दिलं ते तिथे काही मिळेल म्हणून नव्हे. पश्चिमेला जर्मन आणि पूर्वेला डच वंशाचे बोअर, यांच्या मधली वाट मोकळी राहावी एवढाच हेतू. बाकी मुलूख कालाहारीची वाळू आणि काटेरी माळरान. ऱ्होड्सला तोही कंपनीच्या नावावर हवा होता. हे कळल्यावर तिसरा खामा, सेबेले आणि बाथोएन हे तीन मुखिया 1895 मध्ये थेट लंडनला गेले. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना भेटले, इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चमधून सभा घेतल्या, व्हिक्टोरिया राणीपुढेही उभे राहिले. मागणी एकच: आम्हांला राणीच्या हाताखाली राहू द्या, कंपनीच्या नको. बदल्यात त्यांनी रेल्वेसाठी जमिनीची एक पट्टी सोडली.

इथे नशिबानेही हात दिला. डिसेंबर 1895 च्या अखेरीस ऱ्होड्सचा माणूस जेमसन याने त्याच सीमेवरच्या पट्टीतून बोअरांच्या ट्रान्सवालवर छापा घातला. छापा पार फसला, ऱ्होड्सची नाचक्की झाली आणि बेचुआनालँड कंपनीच्या घशात जायचं टळलं. त्या तीन मुखियांचे पुतळे आज बोट्सवानाच्या राजधानीत, गॅबोरोनमध्ये, आहेत. ते घडवले उत्तर कोरियाच्या कंपनीने. उत्तर कोरियाचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे, आणि तिथे ते पुतळ्यांसाठी नाही.

रेल्वे 1897 मध्ये माफेकिंगहून बुलावायोला पोचली. त्या एका मार्गाच्या एका टोकाला राज्य कंपनीचं, मधल्या पट्ट्यात राज्य नावापुरतं इंग्रजांचं. इतकं नावापुरतं की बेचुआनालँडची राजधानी बेचुआनालँडमध्ये नव्हतीच, कारभार दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगहून चाले. इंग्रजांनी इथे शाळा बांधल्या नाहीत, रस्ते बांधले नाहीत. पण जमिनीही फारशा घेतल्या नाहीत. मुखियाच्या वाड्यापुढची चावडी, जिला ते ‘क्गोत्ला’ म्हणतात, चालू राहिली. तिथे साधा माणूसही उठून मुखियाला बोलू शके. मला वाटतं, बोट्सवानाचं सगळ्यांत मोठं भाग्य हे की तो मुलूख कुणाला हवासा वाटला नाही.

ऱ्होडेशियात उलट घडलं. 1923 मध्ये कंपनी गेली आणि राज्य गोऱ्या रहिवाशांच्या हाती आलं. 1930 च्या जमीनवाटप कायद्याने जवळपास निम्मी जमीन, तीही उत्तमातली, त्यांच्या नावे झाली. त्यांची संख्या होती शेकड्याला पाच. काळ्या शेतकऱ्याला रेल्वेपासून दूरची हलकी जमीन आली. या अन्यायावरच ती भरभराट उभी होती: पक्के रस्ते, करिबाचं धरण, बुलावायोचे कारखाने, आणि स्वस्तात राबणारे हात. ब्रिटनने बहुसंख्याकांचं राज्य आणायचा आग्रह धरताच इयन स्मिथच्या सरकारने 11 नोव्हेंबर 1965 रोजी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. त्यानंतरच्या युद्धात हजारो माणसं मेली.

बेचुआनालँड 30 सप्टेंबर 1966 ला बोट्सवाना झाला, युद्धाशिवाय. स्वतंत्र होताना हाती काय होतं? डांबरी रस्ता साधारण 12 किलोमीटर, पदवीधर जेमतेम वीस-बावीस. वर्षानुवर्षांच्या दुष्काळात गुरं मेली होती, बरीच जनता मदतीच्या धान्यावर जगत होती आणि सरकारचा खर्चही ब्रिटनच्या अनुदानावर भागत होता. गॅबोरोन हे शहर तर त्याच सुमारास माळावर नव्याने उभारलं गेलं.

पहिले अध्यक्ष सेरेत्से खामा हे लंडनला गेलेल्या त्या खामांचे नातू. शिकायला इंग्लंडला गेले आणि 1948 मध्ये तिथल्या रूथ विल्यम्सशी लग्न केलं. काळा मुखिया आणि गोरी राणी हे शेजारच्या वर्णभेदी सरकारला खपेना, त्यामुळे ब्रिटनने त्यांना 1956 पर्यंत मायदेशात येऊ दिलं नाही. परतताना गादीवरचा हक्क सोडावा लागला. त्या बदल्यात देशाला पुढे काय मिळालं ते 1967 मध्ये दिसलं. जमिनीखालची खनिजं कुठल्या एका जमातीची नसून सगळ्या देशाची, असा कायदा झाला. त्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले, आणि ओरापा येतं ते खामांच्याच बामांग्वातो जमातीच्या मुलखात. स्वतःच्या जमातीचा खजिना त्यांनी आधीच देशाच्या नावे केला होता. हिऱ्यांवरून यादवी माजलेल्या सिएरा लिओनकडे पाहिलं की या एका कायद्याचं मोल कळतं.

सरकारने खाणी चालवणाऱ्या डी बीअर्स कंपनीशी घासाघीस करून 1975 मध्ये हिऱ्यांत निम्मा वाटा मिळवला. 1982 मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली, मूल्याने जगातली सर्वांत श्रीमंत. पैसा आला तो शाळा, दवाखाने, विहिरी यांत गेला आणि उरलेला परदेशी चलनात साठवला गेला. कष्टाचा पैसा जपून खर्चणाऱ्या गुराख्याचीच ही वृत्ती. तशी राज्य करणारी मंडळीही स्वतः मोठमोठ्या कळपांची धनी होती, आणि युरोपला गोमांस पाठवायचं तर कायदा आणि हिशेब नीट लागतो हे त्यांना ठाऊक होतं. 1976 मध्ये आलेल्या चलनाचं नाव त्यांनी ठेवलं ‘पुला’, म्हणजे पाऊस. कोरडवाहू माणसालाच असं नाव सुचतं.

झिम्बाब्वे 18 एप्रिल 1980 ला स्वतंत्र झाला तेव्हा त्याचा डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षा वजनदार होता. मुगाबेंची पहिली काही वर्षं खरोखरच दाद देण्यासारखी आहेत: प्राथमिक शाळेतली मुलं आठ लाखांवरून सहा-सात वर्षांत बावीस लाखांवर गेली. तिथल्या शिक्षकांना आजही शेजारी देशांत मान आहे. पण त्याच काळात, 1983 पासून, उत्तर कोरियाने शिकवून तयार केलेली सैन्याची पाचवी ब्रिगेड देशाच्या पश्चिमेकडच्या माताबेलेलँडमध्ये उतरली. ‘गुकुराहुंडी’ या नावाने ते हत्याकांड ओळखलं जातं, बळींचा अंदाज वीस हजारांपर्यंत जातो. जग तेव्हा गप्प बसलं. शेतं अजून गोऱ्यांकडे होती आणि निर्यात चालू होती, म्हणून असेल.

जमिनीचा प्रश्न स्वातंत्र्याआधी लंडनला झालेल्या 1979 च्या लँकेस्टर हाउस करारातच अडकला होता: दहा वर्षं जमीन घ्यायची ती मालक राजीखुशीने विकेल तरच. दहा वर्षं सरली, पुढेही काही विशेष हललं नाही. 1997 मध्ये स्वातंत्र्ययुद्धातल्या जुन्या लढवय्यांनी पैसा मागितला. मुगाबेंनी प्रत्येकी 50 हजार झिम्बाब्वे डॉलर कबूल केले, तिजोरीत नसताना. 14 नोव्हेंबरला एका दिवसात चलन कोसळलं. पाठोपाठ काँगोच्या युद्धात सैन्य पाठवलं. फेब्रुवारी 2000 मध्ये नव्या राज्यघटनेवरचं सार्वमत मुगाबे हरले आणि लगेच शेतांवर चाल करून जाणं सुरू झालं. मागणी न्याय्य होती, वेळ खुर्ची वाचवायची निवडली. बऱ्याच मोक्याच्या जमिनी बड्या धेंडांकडे गेल्या. ज्या गरिबांना मिळाल्या त्यांच्याकडे विकता येईल असा कागद नव्हता, म्हणून बँकेचं कर्ज नव्हतं.

पुढचं जगाला ठाऊक आहे. जुलै 2008 मध्ये महागाईचा सरकारी दर 23 कोटी टक्क्यांवर होता. जानेवारी 2009 मध्ये शंभर ट्रिलियनची नोट निघाली. आपल्या मोजणीत सांगायचं तर एक कोटी कोटी. लहानपणी पाठ केलेले खर्व-निखर्व कुठे तरी खरोखर वापरात आले असतील तर ते हरारेच्या बाजारात. त्याच हिवाळ्या-उन्हाळ्यात पटकीने चार हजारांहून अधिक माणसं गेली, कारण नळाचं पाणी शुद्ध करायला पैसा नव्हता. शेवटी स्वतःचं चलन बाजूला ठेवून परकी चलनं चालवावी लागली, आणि त्यांत शेजारचा पुलाही होता. 2015 मध्ये जुने पैसे बदलून दिले, तेव्हा खात्यात 175 वर पंधरा शून्यं असली तरी हातावर 5 अमेरिकी डॉलर पडले.

माणसं रेल्वेच्याच वाटेने दक्षिणेला निघाली. बोट्सवानातल्या फ्रान्सिसटाउनमध्ये झिम्बाब्वेच्या पदवीधर बायका घरकाम करू लागल्या. परक्यांसाठी तिथे ‘मक्वेरेक्वेरे’ हा हेटाळणीचा शब्द आहे. 2003 मध्ये बोट्सवानाने सीमेवर सुमारे 500 किलोमीटर विजेचं कुंपण उभारायला घेतलं. सांगितलेलं कारण गुरांचा लाळ्या-खुरकूत. माणसांना ते कारण पटलं नाही.

बोट्सवानाला आदर्श म्हणण्याआधी दोन-चार गोष्टी पाहायला हव्यात. तिथली विषमता जगातल्या सर्वांत वाईट देशांच्या पंक्तीला बसते. कालाहारीतल्या सान लोकांना 1997 आणि 2002 मध्ये त्यांच्या पिढीजात रानातून उठवलं गेलं. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, हेही तिथलंच. एचआयव्हीने तर दोन्ही देशांना सारखंच गाठलं. 2000 च्या सुमारास बोट्सवानात दर तीन प्रौढांमागे एकाला लागण असल्याचा अंदाज होता, आयुर्मान वेगाने घसरलं. फरक इतकाच की 2002 पासून तिथे औषधं फुकट मिळू लागली, कारण हिऱ्यांचा पैसा शिल्लक होता.

आता त्या हिऱ्यांनाच उतरती कळा लागली आहे. प्रयोगशाळेत बनलेल्या खड्यांनी भाव पाडले. सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या त्यामुळे थंडावल्या तशी गॅबोरोनची तिजोरीही आटली. उलट झिम्बाब्वेत, 2008 मध्ये साफ बसलेला तंबाखू 2023 मध्ये 29 कोटी किलोंच्या वर गेला. गोऱ्यांच्या काळातलं उत्पादन त्याने मागे टाकलं, आणि ते पिकवतात मुख्यतः लहान काळे शेतकरी. चलन मात्र अजून ठरेना. एप्रिल 2024 मध्ये सोन्याच्या आधाराचं ‘झिग’ आलं, आणि बाजारात व्यवहार डॉलरमध्येच चालू राहिले.

ऑगस्ट 2024 मध्ये बोट्सवानातल्या कारोवे खाणीत 2,492 कॅरटचा हिरा निघाला, आजवरचा दुसऱ्या क्रमांकाचा. दोन महिन्यांनी 58 वर्षं सलग राज्य करणारा पक्ष 61 पैकी चार जागांवर आला. मतमोजणी पुरी व्हायच्या आत अध्यक्ष मासीसी यांनी पराभव मान्य केला आणि डुमा बोको यांनी शपथ घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये बोकोंनी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. सरकारी दवाखान्यांतली औषधं संपली होती. 25 कोटी पुला तातडीने मंजूर झाले, आणि ती औषधं गावोगाव नीट पोचतात की नाही हे पाहायला लष्कर नेमलं गेलं.